सरळव्याज प्रमाणात मांडायचं, पण नेमकं काय प्रमाणात मांडायचं?

प्रश्न घणसोलीच्या एका वडिलांचा आहे. मुलगी आठवीत, मराठी माध्यम, यंदा शिष्यवृत्तीला बसणार. ते लिहितात: "सरळव्याजाचं सूत्र तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण रास (मुद्दल अधिक व्याज) देऊन मुद्दल विचारलं किंवा दुप्पट-तिप्पट आलं की गाडी अडते. शाळेत म्हणतात सूत्रानेच करा, क्लासचे सर म्हणतात प्रमाणात मांडा. ती दोन्हीची खिचडी करते. तिला कुठली रीत धरायला सांगू?"

दादा, मी कोपरखैरण्यात बरीच वर्षं गणिताच्या शिकवण्या घेते. माझं मत विचाराल तर आधी प्रमाण, मग सूत्र. पण तुमच्या मुलीची अडचण रीत निवडण्यात नसावी. प्रमाणात कोणती रक्कम घालायची आणि कोणती नाही, हे तिला कुणी बसवून सांगितलेलं नसावं. दहातल्या आठ मुलांचं घोडं तिथेच अडतं, म्हणून तिथेच जास्त वेळ घालवते.

सुरुवात सोप्यापासून. द.सा.द.शे. ८ म्हणजे १०० रुपयांना १ वर्षाला ८ रुपये व्याज. आता ४,५०० रुपये ३ वर्षांसाठी ठेवले. ४,५०० मध्ये शंभर किती वेळा? ४५ वेळा. वर्षं तीन. म्हणून व्याज ८ × ४५ × ३ = १,०८० रुपये. झालं. 'मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले १००' या सूत्रात हेच लिहिलंय. तो 'भागिले १००' कुठून आला हे ज्या मुलाला माहीत असतं, तो सूत्र विसरला तरी परीक्षेत उपाशी राहत नाही.

आपल्याकडे व्याजाचा हिशेब मुळात राशींनीच करत (इथे राशी म्हणजे हिशेबातल्या संख्या, व्याजाची रास नव्हे). भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त पंचराशिक समजावताना व्याजाचंच उदाहरण घेतलंय: शंभराला महिन्याला ५ व्याज पडतं, तर सोळाला वर्षाचं किती? मांडणी अशी की एका बाजूला १ महिना, १००, ५; दुसऱ्या बाजूला १२ महिने, १६ आणि खाली रिकामी जागा. फळ म्हणजे ५ उचलून पलीकडे न्यायचं, त्या बाजूचा गुणाकार करायचा आणि अलीकडच्या गुणाकाराने भागायचं. १२ × १६ × ५ = ९६०, भागिले १००, उत्तर ९ पूर्णांक ३/५. पाच राशी माहीत, सहावी काढायची. आजचं सूत्र म्हणजे हेच पंचराशिक, १ आणि १०० हे दोन आकडे कायमचे ठरवून टाकलेलं. (तो दर वर्षाला ६० टक्के होतो. उदाहरणापुरता असेल, पण आपल्या तुर्भ्याच्या मार्केटात आजही त्याच्या निम्म्याहून जास्त दराने पैसे उचलणारे आहेत. त्यावर पुढे येतेच.)

आता मुख्य गोष्ट. सरळव्याजात व्याज हे मुद्दलाच्या, दराच्या आणि मुदतीच्या, तिघांच्याही समप्रमाणात असतं. बाकीचे दोन तसेच ठेवून कुठलंही एक दुप्पट करा, व्याज दुप्पट होतं. रास म्हणजे मुद्दल अधिक व्याज. ती फक्त मुद्दलाच्या समप्रमाणात असते. मुदतीच्या नाही, दराच्याही नाही.

वाचायला हे सरळ वाटतं. वर्गात काय होतं बघा. फळ्यावर गणित: एक रक्कम सरळव्याजाने ८ वर्षांत दुप्पट होते, तर तिप्पट व्हायला किती वर्षं? पुढच्या बाकावरचा हात लगेच वर.

"बाई, बारा. दुपटीला आठ, म्हणजे एका पटीला चार, तिपटीला बारा."

"बरं. मग एकपट व्हायला किती वर्षं लागली?"

"चार."

"चार वर्षांनी एकपट? म्हणजे हजार ठेवले आणि चार वर्षांनी हजारच?"

थोडा वेळ शांतता. मग मागून कुणीतरी म्हणतं, "बाई, एकपट तर पैसे ठेवले तेव्हाच होते."

यातच सगळं आलं. समप्रमाण म्हटलं की शून्याला शून्य यायलाच हवं. शून्य वर्षांत व्याज शून्य, म्हणून व्याज प्रमाणात बसतं. शून्य वर्षांत रास मात्र मुद्दलाएवढी असते, म्हणून ती बसत नाही. मुलगी आठवीत आहे, तिला आलेख काढून दाखवा: आडव्या अक्षावर वर्षं, उभ्यावर रुपये. व्याजाची रेषा आरंभबिंदूतून निघते. राशीची रेषाही सरळच आणि व्याजाच्या रेषेला समांतर, पण मुद्दलाइतकी वरून सुरू होते. रेषा सरळ दिसली म्हणजे समप्रमाण आहे, असं धरून चालायचं नाही. ती आरंभबिंदूतून जाते का, ते बघायचं.

आता तेच गणित. दुप्पट झाली म्हणजे व्याज एक मुद्दलाएवढं, त्याला ८ वर्षं. तिप्पट म्हणजे व्याज दोन मुद्दलांएवढं, म्हणून १६ वर्षं. चौपटीला २४. दीडपटीला ४. प्रत्येक वेळी पटीतून एक वजा करायचा आणि मग प्रमाण. स्पर्धा परीक्षांच्या पर्यायांत १२ हटकून ठेवलेला असतो, कारण पेपर काढणाऱ्यालाही ठाऊक असतं की पोरं कुठे पडतात.

जाता जाता: दामदुप्पट हा शब्द आपण लॉटरीसारखा वापरतो, पण जुन्या हिंदू कायद्यात तो सावकाराला घातलेला लगाम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असा तो नियम. मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो पाळत. दर १२½ असेल तर सरळव्याजाची ही हद्द आठव्या वर्षी येते. १०० भागिले दर, की दुपटीची वर्षं मिळाली. हे मात्र पाठ करून ठेवायला हरकत नाही.

रास देऊन मुद्दल विचारतात तिथे काय करायचं? द.सा.द.शे. ८ दराने ४ वर्षांची रास ९,९०० रुपये, तर मुद्दल किती? मुलं ४ × ८ = ३२ काढतात, ९,९०० चे ३२ टक्के काढून वजा करतात आणि ६,७३२ लिहून मोकळी होतात. चूक अशी की ते ३२ टक्के मुद्दलाचे होते, राशीचे नव्हेत. माझी मुलं हे गणित आधी शंभरावर करतात. शंभराची चार वर्षांनी रास १३२. मग

१३२ : १०० :: ९,९०० : क्ष

क्ष = ९,९०० × १०० ÷ १३२ = ७,५००. पडताळा: ७,५०० चं ३२ टक्के व्याज २,४००, बेरीज ९,९००. इथे रास प्रमाणात घातली आणि चाललं, कारण समोर मुद्दल आहे, मुदत दोन्हीकडे तीच आणि दरही तोच. सूत्राने हेच करायला गेलं तर 'क्ष + ३२क्ष/१०० = ९,९००' असं समीकरण मांडावं लागतं. तेही यायला हवं, नववीत लागतंच. पण दोन्ही मांडण्या शेजारी-शेजारी लिहून घ्या. १३२/१०० हा अपूर्णांक दोन्हीकडे दिसला की बीजगणित आणि अंकगणित एकच बोलतायत, हे मुलीला न सांगता कळेल.

याच्या पुढची पायरी मला स्वतःला फार आवडते. एक रक्कम सरळव्याजाने ३ वर्षांत ७,४४० आणि ५ वर्षांत ८,४०० होते. मुद्दल आणि दर काढा. दर नाही, मुद्दल नाही, मुलं सूत्राकडे बघत बसतात. ३ : ५ :: ७,४४० : ? असं मांडलं तर १२,४०० येतात, जे गणितातच खोटं ठरलंय. आता दोन राशींची वजाबाकी करा. ८,४०० – ७,४४० = ९६०. वजाबाकीत मुद्दल उडालं, उरलं निव्वळ व्याज, दोन वर्षांचं. आणि व्याज तर प्रमाणात असतंच! वर्षाला ४८०, तीन वर्षांचं १,४४०, म्हणून मुद्दल ७,४४० – १,४४० = ६,०००. सहा हजाराला ४८०, म्हणजे शंभराला ८. दर ८. राशी प्रमाणात नसतात, पण राशींमधले फरक प्रमाणात असतात. पुढे दहावीत रेषेचा चढ शिकवतात तेव्हा हेच असतं, फक्त चिन्हं वेगळी.

व्यस्त प्रमाण येतं ते व्याज तेवढंच राहतं तिथे. समजा मुद्दल तेच, व्याजही तेवढंच हवंय. मग दर आणि मुदत यांचा गुणाकार कायम. ९ टक्क्यांनी ४ वर्षांत जेवढं व्याज, तेवढंच १२ टक्क्यांनी किती वर्षांत? ३६ भागिले १२, तीन वर्षांत. ज्याने सवयीने समप्रमाण मांडलं त्याचं उत्तर ५ पूर्णांक १/३ येतं. दर वाढला आणि वेळही जास्त लागला, हे अंगठेबहाद्दरालाही पटत नाही. गणित मांडायच्या आधी "उत्तर वाढेल की घटेल?" एवढं एका शब्दात समासात लिहायची सवय लावा.

रक्कम वाटून ठेवण्याची गणितं याच घरातली. १३,००० रुपयांचे दोन भाग केले, एक ५ टक्क्यांनी, एक ८ टक्क्यांनी ठेवला, आणि दोन्हीकडून वर्षाचं व्याज सारखं मिळालं. व्याज सारखं म्हणजे मुद्दलं दरांच्या उलट प्रमाणात, ८ : ५. तेरा भागांचे तेरा हजार, म्हणून ५ टक्क्यांनी ८,००० आणि ८ टक्क्यांनी ५,०००. दोन्हीकडे ४००. तोंडी होतं. थोडं अवघड करायचं तर: २०,००० पैकी काही ६ ने, काही १० ने, वर्षाचं एकूण व्याज १,५२०. वीस हजाराला १,५२० म्हणजे सरासरी दर ७.६. तो ६ पासून १.६ वर आणि १० पासून २.४ खाली. रकमा याच्या उलट, २.४ : १.६ म्हणजे ३ : २, म्हणून ६ ने १२,००० आणि १० ने ८,०००. समीकरणाने करून बघा, ६क्ष + १०(२०,००० – क्ष) = १,५२,०००, क्ष पुन्हा १२,०००. शिष्यवृत्तीला पहिली रीत, शाळेच्या पेपरला दुसरी. शाळेत पायऱ्यांना गुण असतात आणि ३ : २ कुठून आलं हे तपासणाऱ्याला कळेलच असं नाही.

आता ते मार्केटचं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे वडील किंवा काका तुर्भ्याच्या बाजारात हमाली करतात, माथाडी आहेत. गावी घराचं काम निघालं किंवा बहिणीचं लग्न ठरलं की पैसे उचलले जातात, आणि घरात शब्द असतो 'शेकडा तीनने'. तो तीन महिन्याचा असतो. पतसंस्थेची पाटी म्हणते १२ टक्के, तो बारा वर्षाचा. पोरगं दोन्ही ऐकतं आणि त्याला वाटतं बाराच्या मानाने तीन म्हणजे चौथा हिस्सा, स्वस्त. म्हणून मी हे गणित मुद्दाम घालते: १५,००० रुपये, ७ महिने. शेकडा तीनने शंभराला ३ × ७ = २१, दीडशे शेकड्यांना ३,१५०. पतसंस्थेत शंभराला महिन्याला १, सात महिन्यांचे ७, एकूण १,०५०. बरोबर तिप्पट फरक. कारण खरं प्रमाण ३ : १२ नव्हेच, ३६ : १२ आहे. प्रमाणात दोन्ही बाजूंची एककं जुळली पाहिजेत, हा नियम सहावीपासून सगळे ऐकतात. या गणितानंतर तो डोक्यात बसतो. दोनदा तर मुलांनी घरी जाऊन वडिलांनाच हिशेब मांडून दाखवला. त्यातून घरी काय झालं ते मी विचारलं नाही.

दिवसांच्या गणितांत ७३ ओळखायला शिकवा. ३६५ म्हणजे ५ × ७३, म्हणून ७३ दिवस म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सा, १४६ म्हणजे दोन पंचमांश, २१९ म्हणजे तीन पंचमांश. १८,२५० रुपयांचं ६ दराने १४६ दिवसांचं व्याज? वर्षाचं १,०९५, त्याचे दोन पंचमांश ४३८. बस.

बँकेच्या बचत खात्यातही प्रमाणच चालतं, ते मुलीला स्वतःच्या पासबुकावर दाखवता येईल. १ एप्रिल २०१० पासून बचतीवरचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरायचे, म्हणून नऊ-दहा तारखेला पैसे भरायची घाई असायची. रोजच्या शिलकीचा हिशेब असा: १५,००० रुपये ४० दिवस होते, मग ५,००० काढले आणि उरलेले १०,००० आणखी १३ दिवस होते, दर ३ टक्के. १५,००० × ४० = ६,००,०००. १०,००० × १३ = १,३०,०००. एकूण ७,३०,०००, म्हणजे जणू ७,३०,००० रुपये एक दिवस ठेवले. व्याज ७,३०,००० × ३ ÷ ३६,५०० = ६० रुपये. मुद्दल आणि मुदत यांचा गुणाकार हीच एक रक्कम धरून चालायचं. व्याज दोन्हींच्या समप्रमाणात असतं म्हणूनच हे जमतं.

प्रमाण कुठे चालत नाही तेही सांगते, कारण मुलं एकदा प्रमाणाच्या प्रेमात पडली की सगळीकडे लावत सुटतात. चक्रवाढीत पहिल्या वर्षाचं व्याज गुणिले तीन म्हणजे तीन वर्षांचं व्याज नव्हे. दर वर्षाअखेर मुद्दलच बदलतं, त्यामुळे मुदतीशी प्रमाण तुटतं. मुद्दलाशी मात्र तिथेही टिकतं, दुप्पट पैसे ठेवले तर दुप्पटच व्याज. बँकेची मुदत ठेव शाळेतल्या सरळव्याजाच्या गणिताशी जुळत नाही अशी तक्रार घेऊन पालक येतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं. व्याज पुन्हा ठेवीत मिळवलं जात असतं.

दुसरी जागा जास्त फसवी. गाडीच्या शोरूममध्ये 'फ्लॅट दहा टक्के' म्हणतात. ६०,००० चं कर्ज, २ वर्षं, व्याज १२,०००, एकूण ७२,०००, महिन्याला ३,००० चा हप्ता. सूत्राने अगदी बिनचूक सरळव्याज. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत चाललात, आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण साठ हजारांवर धरलंय. दोन वर्षांत सरासरीने तुमच्याकडे त्यांचे निम्म्याहून थोडेच जास्त पैसे होते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर अठरा टक्क्यांहून थोडा अधिक पडतो. म्हणून कुठल्याही कर्जाचं प्रमाण मांडताना विचारायचं की ही रक्कम पूर्ण मुदतभर माझ्याकडे होती का. नसेल तर सरळव्याजाची त्रैराशिकं तिथे लावू नयेत.

सूत्र कधी वापरायचं? मुद्दल, दर, मुदत तिन्ही दिलेत आणि व्याज हवंय, तर सरळ सूत्र, कशाला फापटपसारा. आकडे वेडेवाकडे असतील, ७ पूर्णांक ३/४ वगैरे, तरी सूत्र. आणि व्याज दिलं असेल, बाकीच्यांपैकी एक हवं असेल, तर दोन्ही सारखंच. २½ वर्षांत ६ दराने १,३५० व्याज आलं, मुद्दल किती? शंभराला पंधरा, तर १,३५० म्हणजे नव्वद पंधरा, म्हणून ९,०००. सूत्राने गेलात तरी तीन ओळी. रास, पट, दोन राशी, वाटणी यातलं काही दिसलं की मात्र आधी प्रमाण.

आज संध्याकाळी तिला एवढं एकच घाला, कागद-पेन्सिल देऊन, तुम्ही काही न बोलता: एका रकमेची सरळव्याजाने ५ वर्षांत रास होते तेव्हा रास आणि मुद्दल यांचं प्रमाण ७ : ५ असतं. रक्कम दुप्पट व्हायला एकूण किती वर्षं लागतील आणि दर काय? तिचं उत्तर साडेबारा वर्षं आणि ८ टक्के आलं, तर तिने पाच भागांवर दोन भाग व्याज पकडलंय आणि पुढे काळजीचं कारण नाही. सात वर्षं आणि वर काहीतरी अपूर्णांक आला, तर तिने रास मुदतीच्या प्रमाणात घातली. तसं झालं तर उत्तर खोडू नका. तिलाच विचारा, शून्य वर्षांनी किती होते?